नळीतलं पाणी

आमच्या हॉस्पिटलच्या तळघरात एक विभाग आहे, त्याला सगळे 'सेंट्रल' म्हणतात. ऑपरेशनला वापरलेली अवजारं तिथे येतात. धुतली जातात, वाळवली जातात, कागदा-कापडात बांधली जातात, मशीनमध्ये निर्जंतुक होतात आणि पुन्हा वर ऑपरेशन थिएटरात जातात. पेशंट तिथे येत नाहीत, नातेवाईक येत नाहीत, डॉक्टरही सहसा उतरत नाहीत. मी इथला बायोमेडिकल इंजिनीयर, म्हणजे मशीन बिघडली की ज्याला फोन लागतो तो माणूस. त्यामुळे माझं तिथे जाणं व्हायचं. पण सहा वर्षं जाऊन-येऊनसुद्धा वाळवणीच्या टेबलाशी उभ्या असणाऱ्या गोपिकाबाई भोयर यांच्याशी माझं बोलणं 'चहा झाला का' याच्या पुढे गेलं नव्हतं. मागच्या वर्षी ऑगस्टमध्ये त्यांनी माझी एक मोठी चूक मला दाखवून दिली. मी त्यांना खऱ्या अर्थानं ओळखायला लागलो ते तेव्हापासून.

गोपिकाबाईंचं माहेर भिवापूर तालुक्यातलं. दहावीला पहिल्यांदा गणितात गेल्या, पुन्हा बसल्या, पास झाल्या आणि लग्न होऊन खापरखेड्याच्या कॉलनीत आल्या. नवरा रुपराव तिथल्या वीज केंद्रात कॉम्प्रेसर हाऊसला, म्हणजे हवा दाबून भरणाऱ्या यंत्रांच्या विभागात, कामाला. मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा गोपिकाबाईंनी नागपुरात आमच्या हॉस्पिटलात आयाची नोकरी धरली. सात वर्षं वॉर्डात काढली. एकदा अवजारं धुणारी बाई बाळंतपणाच्या रजेवर गेली, म्हणून यांना आठ दिवसांसाठी खाली पाठवलं. आठ दिवसांनी मेट्रननं वर बोलावलं तर यांनी सांगितलं, "सिस्टर, दुसरी कोणी पाठवा वॉर्डात. इथी धुतात सगळे, वाळवत कोणी नाही. मी राहतो." त्याला आता एकोणीस वर्षं झाली.

वाळवणं हा शब्द त्यांच्या तोंडी वेगळ्याच वजनाचा आहे. आपल्याला वाटतं, अवजार धुतलं, फडक्यानं पुसलं, झालं. गोपिकाबाई तसं मानत नाहीत. प्रत्येक चिमटा त्या उघडतात, त्याच्या बिजागराजवळचा भाग निळ्या कागदावर हलकेच आपटतात आणि चष्मा नाकावर खाली ओढून कागदाकडे बघतात. एक ठिपका दिसला तर तो चिमटा परत, आणि त्या ट्रेमधले बाकीचे सगळे पुन्हा तपासणीला. सेंट्रलची प्रमुख श्वेता ही डिप्लोमा केलेली मुलगी. ती तीन वर्षांपूर्वी आली तेव्हा तिला हा अतिरेक वाटला होता. तिनं तसं म्हटल्यावर गोपिकाबाईंनी तिला आपल्या शेजारी उभं केलं आणि सांगितलं, "मॅडम, तुम्ही पुस्तकात शिकल्या असान. माहं सांगनं सोपं हाय. बांधलेला गठ्ठा आतून ओला राहिला, तं ते पाणी कागदात उतरते. बाहेरचे जंतू त्याच पाण्याच्या वाटेनं आत जाते. मंग मशीननं मारलेले एक, आन् बाहेरून नव्यानं आलेले दुसरे. पेशंटच्या पोटात कोणते गेले ते कोण सांगन?" श्वेता मला म्हणाली, पुस्तकात हे दोन पानांत होतं, तेही मी नीट वाचलं नव्हतं.

ऑपरेशन थिएटरातल्या सिस्टर त्यांना पाठीमागे 'इन्स्पेक्टरबाई' म्हणत. गोपिकाबाईंना ते माहीत होतं. त्यांनी कधी कोणाला अडवलं नाही, आणि आपलं कागदावर आपटणंही सोडलं नाही.

दीड वर्षापूर्वी दुर्बिणीच्या ऑपरेशनांसाठी नवी मशीन आली. दुर्बिणीची अवजारं नाजूक. लांब, बारीक, आतून पोकळ नळ्या. काहींना वाफेची उष्णता सोसत नाही, म्हणून ही मशीन औषधाचा वायू करते आणि त्यानं जंतू मारते. आधी ती आतली सगळी हवा ओढून घेते. आत थेंबभर पाणी जरी असलं तरी ते पाणी वाफ होत राहतं, हवा पुरती ओढली जात नाही, आणि मशीन मध्येच थांबते. पन्नास मिनिटांचं काम वीस मिनिटांत रद्द. पण हवा ओढणारा पंप बिघडला असला तरी मशीन असाच संदेश दाखवते. म्हणजे एकाच लक्षणाची दोन कारणं, आणि त्यातलं कोणतं खरं हे शोधणं माझं काम.

जानेवारीपासून जुलैपर्यंत मशीन तक्रारीविना चालली. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात ती थांबायला लागली. सोमवारी दोनदा, मंगळवारी तीनदा. दुर्बिणीची ऑपरेशनं मागे पडू लागली. मी कंपनीच्या इंजिनीयरला बोलावलं. आम्ही दोघं मशीनचं मागचं पॅनेल उघडून बसलो होतो, तेव्हा गोपिकाबाई दाराशी येऊन उभ्या राहिल्या.

"अश्विन सर, एक सांगू का?"

"ताई, आत्ता नको. हातात काम आहे."

"काम त्याचंच हाय. मशीन बिघडली नाही. नळ्यांत पाणी हाय."

"तुम्ही पुसता ना? हवा मारता ना आतून?"

"पुसतो. हवा भी मारतो. तरी हाय."

मी त्यांच्याकडे न बघता म्हणालो, "मग पाणी कुठून येणार?" त्या आपल्या टेबलाकडे परत गेल्या.

कंपनीच्या माणसानं पंपाचं एक सील बदललं, तेल बदललं. रिकामी मशीन चालवून पाहिली. व्यवस्थित चालली. पुन्हा चालवली. पुन्हा व्यवस्थित. त्यानं माझी सही घेतली आणि गेला. मी समाधानानं वर चहा प्यायला गेलो. दुपारी नळ्या भरून मशीन लावली, आणि ती अठराव्या मिनिटाला थांबली.

खाली गेलो तर गोपिकाबाई तिथेच. "सर, राग नका मानू," त्या म्हणाल्या. "रिकामी चालली, भरल्यावर थांबली. तं दोष मशीनमधी की भरलेल्या मालात?"

खरं तर हा प्रश्न मी स्वतःला विचारायला हवा होता. शाळेतल्या मुलालाही सुचला असता. पण नवा पंप मागवावा लागणार असं माझ्या मनात ठरून गेलं होतं, आणि मी तसा मेल लिहायला बसलो.

त्या संध्याकाळी गोपिकाबाईंच्या घरी काय झालं ते मला नंतर रुपरावांनी सांगितलं. कॉलनीतल्या त्यांच्या घरी मी एकदा जेवायला गेलो होतो, तेव्हा. रुपराव मोजकं बोलणारे, पण ही हकीकत त्यांनी रंगवून सांगितली, आणि गोपिकाबाई स्वयंपाकघरातून मधूनमधून दुरुस्त करत होत्या.

गोपिकाबाई ताटावर बसल्या होत्या, पण हात चालत नव्हता. रुपरावांनी विचारलं, "काहून वं, जेवत काहून नाहीस?"

"अवो, तीन दिवस झाले. नळी पुसतो, आतून हवा मारतो, बाहेरून बोट फिरवून पाहतो. कोरडी वाटते. मशीनमधी घातली का मशीन म्हणते पाणी हाय. मशीन खोटं नाही बोलत. मी भी खोटं नाही बोलून राहिली. मंग पाणी येते कुठून?"

"हवा कशाची मारतेस?"

"कशाची म्हणजे? बंदुकीची. पाइपातून येते ते."

"कॉम्प्रेसरची ना?"

"हाव."

"त्या कॉम्प्रेसरची टाकी कोण सोडते?"

गोपिकाबाईंना प्रश्नच समजला नाही. रुपरावांनी मग घास हातात ठेवूनच समजावलं. हवा दाबली की तिच्यातलं पाणी सुटतं आणि टाकीच्या बुडाशी साचतं. बुडाला तोटी असते. "आमच्या इथी हरेक पाळीत ते तोटी सोडा लागते. पावसाळ्यात तं बादली भरून निघते. नाही सोडली तं तेच पाणी हवेसंगं लायनीत जाते. तुमच्या इथी कोणी सोडून नसन राहिलं. तू नळी वाळवून नाही राहिलीस, गोपिके. तू तिच्यात पाणी मारून राहिलीस."

हे ऐकून गोपिकाबाईंना काय वाटलं, ते मी त्यांनाच विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "पहिले तं आंगाले काटा आला. एकोणीस वर्षं मी दुसऱ्याचे चिमटे वापस करून राहिली, आन् तीन दिवस माह्याच हातानं पाणी जाऊन राहिलं होतं. मंग म्हटलं, आता माहीत झालं ना. माहीत झालं तं निस्तरता येते. आन् जेवली पोटभर."

दुसऱ्या दिवशी त्या नेहमीपेक्षा एक बस आधीची पकडून आल्या. श्वेता आली तेव्हा गोपिकाबाईंनी पॅकिंगचा निळा कागद टेबलावर चिकटपट्टीनं ताणून बसवला होता. कोऱ्या, कोरड्या कागदावर त्यांनी हवा मारायची बंदूक, म्हणजे एअर गन, धरली आणि वीस अंक मोजेपर्यंत दाबून ठेवली. कागदावर बारीक ठिपके उठले, आणि त्यांच्या कडेला पिवळसर छटा. तेलाची. श्वेतानं कागद नाकाजवळ नेला आणि मला फोन लावला. मी फोनवर म्हणालो, "येतो, पाऊण तासात. वर आयसीयूत आहे."

त्या पाऊण तासातच सगळं अंगावर आलं. आदल्या संध्याकाळी एअर गननं वाळवून ठेवलेल्या नळ्या सकाळच्या पाळीनं मशीनमध्ये घातल्या होत्या, आणि मशीन थांबली. वर पित्ताशयाचं ऑपरेशन साडेनवाला लावलेलं. थिएटरच्या सिस्टरचा फोन आला. गोपिकाबाईंनी घेतला.

"गोपिकाबाई, दुर्बिणीच्या अवजारांचा सेट पाठवा."

"सेट तयार नाही, सिस्टर."

"औषधाच्या पाण्यात वीस मिनिटं बुडवा आणि द्या. पूर्वी देतच होतो की आपण."

"पूर्वी देत होतो. आता नाही देत. वीस मिनिटांत काही जंतू मरते, काही तसेच राहते. आन् ओल्या नळ्या त्यात टाकल्या तं औषधच पातळ होते."

"मग तुम्हीच सांगा डॉक्टरांना."

"पाठवा त्यांना खाली."

डॉ. मधुवंती देशकर खरोखरच खाली आल्या. पंधरा वर्षांत त्यांना सेंट्रलला आलेलं कोणी पाहिलं नव्हतं. हाताला कुशल, स्वभावाला तापट अशी त्यांची ख्याती. थिएटरचे हिरवे कपडे घालून त्या दारातल्या पिवळ्या रेघेशी थांबल्या. रेघेच्या आत यायचं तर टोपी आणि वेगळ्या चपला लागतात, हे त्यांना माहीत होतं.

"गोपिकाबाई, काय चाललंय हे? तीन दिवस मी रोज थांबते आहे."

"मॅडम, तुमाले सेट भेटन. दीड तासानं."

"काल पण कोणीतरी हेच सांगितलं होतं. आज दीड तासात होईलच कशावरून?"

"कारण काल आमाले माहीत नव्हतं पाणी कुठून येते. आज माहीत हाय." गोपिकाबाईंनी टेबलावरचा निळा कागद सोडवला आणि रेघेपर्यंत आणून दाखवला. "हे पाहा. ज्या हवेनं आमी नळ्या वाळवतो, त्या हवेतच पाणी हाय. आता बंदूक बंद केली. मोठ्या सिरिंजनं नळीतलं पाणी काढलं, आन् नळ्या गरम हवेच्या कपाटात उभ्या टांगल्या. अर्धा तास कपाट, पन्नास मिनिटं मशीन, दहा मिनिटं वर न्यायले."

डॉक्टरांनी कागद उजेडाकडे धरून पाहिला. बराच वेळ पाहिला. "आणि दीड तासानं मशीन पुन्हा थांबली तर?"

"तं आज हे ऑपरेशन होनार नाही. ओला सेट मी देनार नाही, आन् बुडवलेला भी देनार नाही."

श्वेता सांगते, त्या वेळी तिला वाटलं आता डॉक्टर आवाज चढवणार. गोपिकाबाई मात्र अगदी सरळ उभ्या होत्या, जणू कोणी त्यांना बसचं वेळापत्रक विचारलं आहे. डॉक्टरांचा आवाज उलट खाली आला.

"पेशंटला काय सांगू मी? माणूस रात्रीपासून उपाशी आहे. दोनदा विचारून गेला."

"तुमी नका सांगू. मी सांगतो."

पेशंटचं नाव भैयाजी. कळमन्याच्या बाजारात त्यांची धान्याची अडत. दुसऱ्या मजल्यावर खाटेवर ते हॉस्पिटलचा झगा घालून बसले होते, पोटात अन्न नाही म्हणून तोंड उतरलेलं, आणि बायको शेजारी. गोपिकाबाई टोपी काढून आत गेल्या.

"भैयाजी, तुमचं ऑपरेशन दीड तास पुढे गेलं. मी थांबवलं."

"तुमी डॉक्टर हाय का?"

"नाही. मी अवजारं वाळवतो."

भैयाजींनी बायकोकडे पाहिलं. "त्याच्यात थांबवन्यासारखं काय हाय?"

"ज्या नळ्या तुमच्या पोटात जानार, त्या आतून ओल्या निघाल्या. ओल्या नळीले मशीन शुद्ध करत नाही. आता नीट वाळवाले टाकल्या."

भैयाजी म्हणाले, "ओलं सोयाबीन आलं तं आमी भी उतरवून नाही घेत. कोणाचंही असो. पन दीड तासच ना?"

"दीड तास."

"जा मंग. करा तुमचं."

मी खाली पोचलो तेव्हा गोपिकाबाई वरून परत आल्या होत्या. त्यांनी माझ्यापुढे दुसरा कोरा कागद ताणला आणि माझ्याच हातात एअर गन दिली. मी दाबली. ठिपके उठले. मी सरळ मागच्या आवारात गेलो. जनरेटरच्या शेजारी एका शेडमध्ये आमचा कॉम्प्रेसर आहे. टाकीच्या बुडाशी वाकून मी तोटी सोडली. तांबूस, तेलकट पाणी निघालं. एक बादली भरली, दुसरी अर्धी झाली. मग कुठे नुसती हवा फुसफुसायला लागली.

ती तोटी पूर्वी धोंडबा नावाचे आमचे म्हातारे प्लांट ऑपरेटर रोज सकाळी सोडायचे. त्यांना कोणी सांगावं लागत नव्हतं. मार्चमध्ये ते निवृत्त झाले आणि शेडचं काम एका एजन्सीकडे गेलं. एजन्सीची माणसं बदलत राहिली. भिंतीवर एक तक्ता लटकवलेला होता, त्यात 'टाकी सोडली' असा रकाना होता, आणि त्यात रोज बरोबरची खूण होती. महिन्याच्या शेवटी त्या तक्त्याखाली सही करायची माझी जबाबदारी. मार्चपासून पाच सह्या मी माझ्या खोलीत बसून केल्या होत्या. शेडमध्ये एकदाही गेलो नव्हतो. उन्हाळ्यात हवाच कोरडी, त्यामुळे काही कळलं नाही. पावसाळा लागला आणि टाकी भरत गेली.

मी परत आलो तेव्हा नळ्या मशीनमध्ये गेल्या होत्या. आम्ही तिघं काचेसमोर उभे होतो. अठरावं मिनिट गेलं. विसावं गेलं. श्वेता ओठ चावत होती. गोपिकाबाईंनी तेवढ्यात शेजारचा ट्रे ओढून चिमटे तपासायला घेतले होते. मी त्यांना म्हटलं, "ताई, बघत नाही तुम्ही?"

"कोरड्या हाय त्या, सर. पाहाले काय लागते."

पन्नास मिनिटांनी मशीननं काम पुरं झाल्याचा दिवा लावला. श्वेतानं सेटवरची, निर्जंतुक झाल्यावर रंग बदलणारी खूण तपासली, तारीख-वेळ लिहिली, आणि अकराला सहा मिनिटं कमी असताना सेट वर गेला. भैयाजींचं ऑपरेशन नीट झालं. तिसऱ्या दिवशी ते घरी गेले.

डॉ. देशकरांनी त्या दुपारी खाली फोन करून गोपिकाबाईंना विचारलं की नक्की काय बिघडलं होतं. मी शेजारीच होतो. गोपिकाबाई म्हणाल्या, "टाकीची तोटी बंद राहिली होती मॅडम, आता सोडली." माझं नाव त्यांनी घेतलं नाही. फोन ठेवल्यावर मात्र माझ्याकडे वळून, आवाज न चढवता त्या म्हणाल्या, "सर, सही करन्याआधी एकदा जाऊन पाहत जा. शेड काही दूर नाही."

मी 'हो' म्हटलं. त्यांचा आवाज चढला असता तर मला बरं वाटलं असतं.

अहवाल मलाच लिहायचा होता. पहिल्या मसुद्यात मी 'देखभालीतील त्रुटी' असं लिहिलं. ते वाक्य खोटं नव्हतं, पण त्यात माणूस नव्हता. दोन दिवस तो मसुदा माझ्या टेबलावर पडून होता. तिसऱ्या दिवशी मी लिहिलं की तक्त्यावर तपासणी न करता सह्या मी केल्या, आणि कारण गोपिकाबाई भोयर यांनी शोधलं. कारण सापडण्याच्या आदल्याच दिवशी त्यांनी नळ्यांत पाणी आहे हे मला सांगितलं होतं आणि मी ऐकलं नव्हतं, हेही लिहिलं. मला लेखी ताकीद मिळाली. नवा पंप मागवण्याचा मेल मी आधीच रद्द केला होता.

पुढच्या महिन्यात हवेच्या लाइनीवर पाणी शोषणारं यंत्र आणि गाळण्या बसल्या. बसवायला आलेला माणूस म्हणाला, आता काळजी नाही, हवा शंभर टक्के कोरडी. गोपिकाबाईंनी त्याचं सगळं नीट ऐकून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कागद ताणून हवा मारून पाहिली. त्यानंतर रोज पाहतात. तो कागद तारखेसह एका फायलीत लागतो. ही पद्धत त्यांनीच पाडली आणि श्वेतानं ती विभागाच्या नियमांत लिहून घेतली. घाईच्या वेळीसुद्धा पोकळ नळ्या आधी गरम कपाटातच जायच्या, हा दुसरा नियम. थिएटरच्या सिस्टरांनी सुरुवातीला कुरकुर केली. मग डॉ. देशकरांनी ऑपरेशनच्या यादीतच अर्ध्या तासाचं अंतर ठेवायला सुरुवात केली आणि कुरकुर संपली.

थंडीच्या दिवसांत आणखी एक गोष्ट झाली. डॉ. देशकर महिन्यातून एकदा पारशिवनी तालुक्यातल्या एका छोट्या दवाखान्यात ऑपरेशनं करायला जातात. त्यांनी गोपिकाबाईंना विचारलं, तिथल्या सिस्टरांना एक दिवस शिकवाल का. मला वाटलं गोपिकाबाई संकोच करतील. त्या म्हणाल्या, "शिकवीन. पन मले भाषण येत नाही. सिंकपाशी उभी राहून दाखवीन." त्यांना घेऊन मी गेलो.

दवाखाना चार खोल्यांचा. रोशनी नावाची तरुण सिस्टर आणि एक मदतनीस बाई, एवढीच माणसं. वाफेवर चालणारी एक छोटी मशीन. सिस्टर आम्हाला आधी मागच्या अंगणात घेऊन गेली. तिथे धुतलेली अवजारं ट्रेमध्ये पसरून उन्हात ठेवली होती. ती थोड्या अभिमानानंच म्हणाली, "ताई, आमच्याकडे तुमच्यासारखी कपाटं नाहीत. पण ऊन भरपूर आहे."

गोपिकाबाईंनी एक चिमटा उचलला, उघडला, कागदावर आपटला. कोरडा होता. मग त्याच कागदावर त्यांनी चिमट्याची कड पुसली. करडी रेघ उमटली. रस्ता जवळच होता आणि त्यावरून दिवसभर ट्रॅक्टर जात होते.

"वाळवलं बरोबर," त्या म्हणाल्या. "पन धूळ बसली. पाणी गेलं आन् धूळ आली, तं फायदा काय? आत वाळवू. मी दाखवतो."

सिस्टर म्हणाली, "आत कशानं वाळवणार? हवा मारायचंसुद्धा काही नाही."

"सिरिंज हाय ना? मोठी?"

"आहे."

"मंग सगळं हाय."

दोन तास त्या सिंकपाशी उभ्या होत्या. आधी त्यांनी केसाळ टॉवेल बाजूला ठेवायला लावला. त्याचे धागे बिजागरात अडकतात. धुऊन धुऊन मऊ झालेलं, धागे न सोडणारं सुती कापड मागवलं, त्याचे तुकडे केले आणि ते आधी वाफेच्या मशीनमधून काढून घेतले. चिमटे बंद ठेवायचे नाहीत, उघडे ठेवायचे. वाट्या पालथ्या नाही, तिरप्या ठेवायच्या, म्हणजे पाणी साचत नाही. मशीनमध्ये गठ्ठे कोंबायचे नाहीत, दोन गठ्ठ्यांत बोट जाईल एवढी जागा. काम झाल्यावर गठ्ठे लगेच गार फरशीवर आणून ठेवायचे नाहीत, नाहीतर आतल्या वाफेचं पाणी होतं. एक एक गोष्ट सांगायच्या, करून दाखवायच्या, मग रोशनीला करायला लावायच्या. वहीत लिहून घेऊ का असं तिनं विचारलं तेव्हा म्हणाल्या, "पहिले हातात येऊ दे. लिवता मंग येते."

शेवटी पोकळ नळी आली. रोशनीनं सिरिंज लावून हवा मारली, नळी कागदावर उभी आपटली. मोठा थेंब पडला. पुन्हा मारली. छोटा ठिपका. तिनं गोपिकाबाईंकडे पाहिलं.

"माह्याकडे नको पाहू. कागदाकडे पाहा."

तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. पाचव्यांदा कागद कोरा राहिला. रोशनीनं खात्री करायला आणखी एकदा आपटून पाहिली. मग ती नळी कोरड्या कापडावर ठेवून तिनं आपण होऊन पुढची उचलली. मदतनीस बाईनंही दुसरी सिरिंज घेतली आणि तिच्या शेजारी येऊन उभी राहिली. गोपिकाबाई स्टूल ओढून बसल्या. सकाळपासून पहिल्यांदा बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "सर, गाडी काढायची घाई करू नका. यांच्या अजून अकरा नळ्या हाय."